सांता मोनिकाची भिंत आणि आत्याचं बी.ए.

ओल्ड गोव्याला जाऊन बाँ जेझूच्या चर्चमध्ये पाऊल न ठेवता परत येणारे फारसे कुणी नसतील. आम्ही तेच केलं. फोंड्याहून निघून बाणास्तारीचा पूल ओलांडला तेव्हाच आत्यानं बजावलं, "त्या गर्दीत मी येणार नाही. मला वर टेकडीवर ने." ते बरंच झालं. रविवार होता, गाडी लावायला जागा नव्हती आणि रांग पार रस्त्यापर्यंत आली होती.

टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा 46 मीटर उंचीचा पडका मनोरा आहे. लोक तिथे फोटो काढतात आणि खाली उतरतात. समोर सांता मोनिकाचा मठ आहे, त्याच्याकडे क्वचितच कुणी वळतं. तीन मजली प्रचंड इमारत, चिऱ्याच्या भिंती, आणि त्या भिंतींना बाहेरून रेटा देणारे जाड तिरके आधार. आत्या एका आधाराला हात लावून उभी होती. चिऱ्याच्या भोकांत शेवाळ वाळून काळं पडलं होतं.

तेवढ्यात एक गाइड दहाबारा जणांना घेऊन आला. मराठी मंडळीच होती. त्यानं सांगितलं काय? रात्री आतून बायकांच्या रडण्याचा आवाज येतो, म्हणे. सगळे हसले, एकीनं व्हिडिओ काढला, पाच मिनिटांत मंडळी गेली. मला मनापासून राग आला. या भिंतींच्या आत बायकांनी आयुष्यं काढली, आणि आपण त्यांची भुतं करून मोकळे होतो.

आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी 1606 साली हा मठ सुरू केला. आशियाच्या या भागातला नन्सचा हा पहिला मठ. एकदा आत गेलेली बाई बाहेर येत नसे. पुढे 1830 च्या दशकात पोर्तुगाल सरकारनं धर्मसंघ बंद केले. इथल्या नन्सना घालवून दिलं नाही, फक्त नव्या मुली घ्यायला मनाई केली. म्हणजे मठ मिटत गेला तो एकेका मरणानं. शेवटची नन 1885 मध्ये वारली. किती वर्षं ती या लांबलचक व्हरांड्यांतून एकटी फिरली असेल? घंटा कोण वाजवत असेल, तिच्यासोबत प्रार्थनेला कोण असेल? गाइडनं हे सांगितलं असतं तर एकही माणूस हसला नसता.

आत्या म्हणाली, "ती इथे होती तेव्हा तिकडे मंगळूरला आमच्या सिस्टर्सची शाळा चालू होती."

'आमच्या' म्हणजे अपोस्टोलिक कार्मेलच्या. हा संघ उभा केला मदर व्हेरोनिका यांनी. मूळ नाव सोफी लीव्हस. जन्म 1823 चा, कॉन्स्टँटिनोपलचा, वडील अँग्लिकन धर्मगुरू. सोफी 1850 मध्ये कॅथलिक झाल्या, नन झाल्या आणि 1860 च्या दशकात शिकवायला कालिकतला आल्या. मलबार-कानडा किनाऱ्यावर मुलींना शिकवणाऱ्या सिस्टर्स हव्यात हे त्यांना इथेच उमगलं. कार्मेलच्या नन्स म्हणजे जाळीच्या आड राहून प्रार्थना करणाऱ्या. त्यांचीच एक शाखा बाहेर पडून वर्गात उभी राहावी, ही कल्पना त्या काळी सोपी नव्हती. 1868 मध्ये फ्रान्समधल्या बायोन इथे त्यांनी संघ सुरू केला आणि 1870 च्या नोव्हेंबरात पहिल्या सिस्टर्स मंगळूरला उतरल्या. त्यांत मदर व्हेरोनिका नव्हत्या. 1906 मध्ये फ्रान्समधल्याच पो इथल्या बंदिस्त मठात त्या वारल्या. ज्यांच्यासाठी हे सारं केलं त्या मुलींचे वर्ग त्यांना बघायला मिळाले नाहीत, हे मला फार लागलं.

मठातलं संग्रहालय बघितलं, छान आहे, पण माझं लक्ष लागेना. पिलारवरून, झुवारीच्या नव्या पुलावरून आम्ही मडगावजवळच्या नुवेंला, आत्याच्या कॉलेजकडे निघालो.

नुवेंचं कार्मेल कॉलेज याच सिस्टर्सचं, 1964 चं. गोवा मुक्त होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. आत्या तिथे शिकली. सावईवेऱ्याची मुलगी, सगळं शिक्षण मराठीतून. आजोबांचं म्हणणं, मॅट्रिक झाली, पुरे. आजीनं हट्ट धरला आणि आत्या मडगावला मामाकडे राहून बसनं कॉलेजला जाऊ लागली. पण इंग्रजी येईना. वर्गात सगळे बोलत असताना ती मान खाली घालून बसायची.

"एका सिस्टरनी ते बघितलं," आत्या सांगत होती. "तास संपले की मला थांबवून घ्यायच्या. एक पान मोठ्यानं वाचायचं. चुकलं की तेच पुन्हा. रागावणं नाही, कीव नाही. बस आली की म्हणायच्या, धाव आता. फीचा एक हप्ता थकला होता, त्याबद्दल आजतागायत घरी कुणाला माहीत नाही. कुणी भरला, मलाही सांगितलं नाही." धर्माबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, हे तिनं मुद्दाम सांगितलं, कारण गावात तीच शंका घेत.

त्या सिस्टर आता हयात नाहीत. गेटवर भेटल्या त्या वयानं माझ्याएवढ्या. साधी साडी, गळ्यात क्रूस, हातात पेपरांचा गठ्ठा. "जेवल्यो तुमी?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आम्हाला ऑफिसात बसवलं, पाणी दिलं, आणि आत्या कोणत्या वर्षीची ते विचारलं. आत्याचा आवाज नेहमी खणखणीत, पण वर्ष सांगताना अडखळला. मग कोंकणीत दोघींच्या गप्पा सुरू झाल्या आणि मी नुसती ऐकत राहिले.

आत्यानं विचारलं, अजून मराठी शाळांतल्या मुली येतात का? येतात, सिस्टर म्हणाल्या, आणि इंग्रजीला अजून तशाच घाबरतात. त्यावर आत्या म्हणाली, "हांव येतां. तास संपल्यार बसून वाचून घेतां." सिस्टरनी पेपर बाजूला सारून तिचा फोन नंबर लिहून घेतला. सावईवेऱ्याहून नुवें लांब आहे आणि आत्याचे गुडघे दुखतात, म्हणून सोडायला मीच जाणार आहे.