सतरा नंबरचा फॉर्म आणि दहावीचे गणित

राज्य माध्यमिक मंडळाची दहावीची परीक्षा शाळेत न जाता द्यायची असेल, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते, हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळले. १९९८ मध्ये नववी पास झाले आणि माझी शाळा सुटली, ती सुटलीच. पुढे लग्न, मुले आणि कराडमधल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात बिले करण्याची नोकरी. मराठी, इतिहास, भूगोल वाचून निभावतील असा भरवसा होता आणि इंग्रजीचेही कसेबसे जमेल असे वाटत होते. धाकधूक होती ती गणिताची, आणि वेळही सर्वांत जास्त त्यालाच द्यावा लागला, म्हणून इथे मुख्यतः गणिताविषयीच लिहिते आहे.

फॉर्मचा भाग फारसा कठीण नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची प्रत, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड आणि फोटो घेऊन मंडळाने संपर्क केंद्र म्हणून नेमलेल्या शाळेत जायचे, आणि पुढचा सगळा व्यवहार त्याच शाळेमार्फत करायचा. दाखला शोधायला माहेरचे माळे उपसावे लागले, एवढीच काय ती दगदग. सातारा जिल्हा कोल्हापूर विभागीय मंडळात येतो, त्यामुळे हॉल तिकिटावर नाव कोल्हापूरचे असले तरी मला तिथे एकदाही जावे लागले नाही.

माझ्या थोरल्या भावाच्या वेळी बीजगणित ७५ गुणांचे आणि भूमिती ७५ गुणांची असे. आता गणित एकूण शंभर गुणांचे आहे. भाग एक म्हणजे बीजगणित ४० गुण, भाग दोन म्हणजे भूमिती ४० गुण, प्रत्येकी दोन तासांचा पेपर, आणि उरलेले २० गुण शाळेच्या हातातले, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाचे. मधल्या काळात ज्यांना गणित झेपत नाही त्यांच्यासाठी सामान्य गणिताचा पर्याय होता. नव्या अभ्यासक्रमाबरोबर तो बंद झाला, त्यामुळे माझ्यासारखीलाही वर्गसमीकरणे आणि त्रिकोणमिती यांच्यापासून सुटका नव्हती. पुतणी त्याच वर्षी दहावीला होती. तिच्याकडच्या जुन्या प्रश्नपत्रिका मांडून मी आधी बेरजा केल्या, तेव्हा लक्षात आले की पर्यायी प्रश्न धरले तर पत्रिका प्रत्यक्षात साठ गुणांची असते आणि त्यातले चाळीस गुणांचे सोडवायचे असते. एवढी सवलत आहे हे आधी कुणी सांगितले असते, तर कदाचित मी दहा वर्षे आधीच फॉर्म भरला असता.

आमच्या गल्लीत गणिताचे एक निवृत्त शिक्षक राहतात. दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे जायचे, असे ठरले. पहिला धडा मीच निवडला, अर्थनियोजन, कारण त्यात जीएसटी आहे आणि जीएसटीची बिले मी दिवसभर करते. सरांनी उदाहरण घातले: करासह २३६० रुपयांना विकलेल्या पंख्यावर जीएसटीचा दर १८ टक्के असल्यास करपात्र किंमत, केंद्राचा कर आणि राज्याचा कर काढा. मी पाहताक्षणी २०००, १८० आणि १८० असे लिहून वही पुढे केली. तिन्ही आकडे बरोबर होते आणि सरांनी तीनपैकी एक गुण दिला. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘ताई, दुकानात गिऱ्हाईक बिल मागते, हिशेब मागत नाही. परीक्षक हिशेब मागतो.’ मग त्यांनी मला लिहायला लावले: समजा, करपात्र किंमत एक्स रुपये आहे, म्हणून कराची रक्कम एक्सच्या शंभरांश अठरा, म्हणून करासह किंमत एक्सच्या शंभरांश एकशे अठरा, ही किंमत २३६० दिलेली आहे, म्हणून एक्स बरोबर २०००, आणि केंद्राचा व राज्याचा कर प्रत्येकी ९ टक्के, म्हणून प्रत्येकी १८० रुपये. ज्या गोष्टीला डोक्यात क्षणभरही लागत नाही, तिच्यासाठी अर्धे पान खर्ची घालायचे हे मला सुरुवातीला अगदी निरर्थक वाटले. पण मंडळाच्या तपासणीत गुण पायऱ्यांना असतात, अर्धा अर्धा करून. उत्तर ही त्यातली फक्त शेवटची पायरी. याचा फायदाही आहे, कारण शेवटची वजाबाकी चुकली तरी आधीच्या पायऱ्यांचे गुण पदरात पडतात, आणि पुढे वर्गसमीकरणांच्या धड्यात मला याचा चांगलाच आधार झाला.

बीजगणिताचे सहा धडे या पद्धतीने एकेक करून हाताखालून गेले. दोन चलांची दोन समीकरणे सोडवायच्या क्रेमरच्या पद्धतीची मला भीती वाटत होती, पण निश्चयकाची, म्हणजे दोन ओळींत मांडलेल्या चार संख्यांची, चौकट एकदा हाताला बसली की ते नुसते गुणाकार-वजाबाकीचे काम आहे, तीन निश्चयक काढायचे आणि भागायचे. संभाव्यतेत नमुना अवकाश, म्हणजे जे जे घडू शकते त्या सगळ्याची यादी, पूर्ण लिहून काढला तर निम्मे काम झालेले असते. सांख्यिकीत मध्य काढायच्या तीन पद्धती आहेत आणि तिन्हींनी उत्तर तेच येते, मात्र प्रश्नात गृहीतमध्य पद्धत सांगितली असेल तर सरळ पद्धतीने काढून चालत नाही. खरी अडचण वेगळीच होती. परीक्षेत कॅलक्युलेटर चालत नाही आणि माझी बोटे वर्षानुवर्षे त्यावरच चाललेली. तेरा ते तीस पर्यंतचे पाढे आणि वर्ग मी भाजी निवडताना म्हणत असे, त्यामुळे घरातल्या सर्वांचेच ते पाठ झाले.

भूमितीत मात्र जे शिकले, ते मला आयुष्यात आधी कुठेच भेटले नव्हते. वर्तुळाच्या बाह्यभागातील बिंदूपासून त्या वर्तुळाला काढलेले दोन स्पर्शिकाखंड एकरूप असतात, हे प्रमेय सरांनी घेतले तेव्हा मी आकृती पाहून म्हणाले की हे तर दिसतेच आहे, कागद मधोमध दुमडला तर एक दुसऱ्यावर बसेल. सर म्हणाले, ‘दिसते म्हणून लिहायचे नाही, कशामुळे आहे ते लिहायचे.’ मग पानाच्या मधोमध रेघ न मारताच डावीकडे विधान आणि उजवीकडे कंसात कारण, असे लिहिणे सुरू झाले. वर्तुळाचे केंद्र बाहेरच्या बिंदूला जोडले की दोन त्रिकोण तयार होतात. त्यांची एकेक बाजू समान, कारण त्या एकाच वर्तुळाच्या त्रिज्या. एक बाजू सामाईक. दोन्हींत एकेक कोन काटकोन, कारण स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय. म्हणून कर्णभुजा कसोटीने त्रिकोण एकरूप. म्हणून संगत बाजू एकरूप. प्रत्येक ओळीला तिच्या आधीच्या ओळीचा किंवा आधीच्या एखाद्या प्रमेयाचा दाखला द्यावा लागतो, आणि दाखला नसेल तर ओळ खरी असली तरी तिला मोल नाही. पक्ष, साध्य, सिद्धता हे तीन शब्द वेगवेगळ्या ओळींवर लिहायचे, आकृती पेन्सिलीने काढायची. सूचनांमध्येच छापलेले असते की प्रमेयाची सिद्धता लिहिताना आकृती आवश्यक आहे आणि रचनेच्या खुणा पुसू नयेत. ही दुसरी सूचना मला फार आवडली. भौमितिक रचनेत कर्कटकाने मारलेले कंस म्हणजे हात कुठून कुठे गेला त्याचा माग असतो आणि परीक्षकाला नेमका तोच पाहायचा असतो; स्वच्छतेच्या नादात ते पुसून टाकणाऱ्या मुली पुतणीच्या वर्गात दोन-तीन तरी होत्याच.

पुतणीच्या वह्यांमुळे शाळेत गणित कसे शिकवतात तेही मला जवळून पाहता आले. पाठ्यपुस्तकात प्रत्येक घटकानंतर सरावसंच असतो आणि धड्याच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह. वर्गात बाई सरावसंचातली दोन उदाहरणे फळ्यावर सोडवतात, मुले उतरवून घेतात, उरलेली गृहपाठाला. संकीर्ण प्रश्नसंग्रहाला हात लागतो न लागतो तोच पुढचा धडा सुरू होतो, कारण डिसेंबरपर्यंत अभ्यासक्रम संपवून जानेवारीपासून सराव प्रश्नपत्रिका घ्यायच्या असतात. जानेवारीनंतर कोणताही नवा प्रश्न वर्गात येतच नाही, येतात त्या फक्त ‘बोर्डाला पडणाऱ्या’ गोष्टी. बाईंना दोष देण्यात अर्थ नाही, साठ मुलांच्या वर्गात आणि तेवढ्या महिन्यांत दुसरे काय करता येईल ते मलाही सुचत नाही. पण पुतणीला प्रमेय शब्दशः पाठ होते आणि तिला मी मधल्याच एका ओळीचे कारण विचारले, तर ‘काकू, पहिल्यापासून म्हणू का?’ असे ती विचारायची.

या पद्धतीला पत्रिकेतल्या कृतींनी हातभारच लावला आहे असे माझे मत झाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाच्या ‘अ’ भागात उदाहरण जवळजवळ सोडवलेलेच छापलेले असते आणि मधल्या रिकाम्या चौकटी भरायच्या असतात. प्रत्येक पेपरात असे सात गुण, म्हणजे दोन्ही मिळून चौदा. नापास होण्याच्या भीतीने बसलेल्या विद्यार्थ्याला या चौकटी तारून नेतात, मलाही त्यांचा आधार वाटला, आणि त्या काढून टाकाव्यात असे मी म्हणणार नाही. परंतु जिथे वाट दुसऱ्याने आखून दिलेली आहे आणि आपण फक्त मधली गाळलेली पावले टाकायची आहेत, तिथे मला सर्वांत कमी शिकायला मिळाले. एकाच पत्रिकेत तिसऱ्या प्रश्नाचा ‘अ’ भाग चौकटी भरून घेतो आणि पाचवा प्रश्न, तोही तीनच गुणांचा, पुस्तकात कधी न पाहिलेली गोष्ट स्वतः मांडायला सांगतो. पुतणीच्या वर्गात पाचवा प्रश्न बहुतेकांनी सोडायचा असेच ठरलेले होते. ‘तो हुशार मुलांचा’ असे तिथे सर्रास म्हणत.

अंतर्गत वीस गुणांसाठी मला संपर्क केंद्राच्या शाळेत गृहपाठाच्या वह्या द्याव्या लागल्या आणि बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी द्यावी लागली. तिथल्या बाई प्रेमळ होत्या, वह्या त्यांनी वरवर चाळल्या. या वीस गुणांच्या बाबतीत शाळा सहसा हात आखडता घेत नाहीत, हे उघड गुपित आहे, आणि उत्तीर्ण व्हायला शंभरांत ३५ लागतात हे पाहिले की त्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. मला ते खटकले ते एवढ्यासाठीच की वर्षभरात कुणीतरी बसून माझी वही ओळीने वाचून गुण द्यावेत अशी सोय याच वीस गुणांत होती. ते काम माझ्या बाबतीत सरांनी केले, पण त्यांचे गुण कुठेच धरले जात नाहीत.

सरांच्या आग्रहामुळे मी शाळेच्या सराव परीक्षेलाही बसले आणि तिथे कळले की माझी अडचण वेळेची आहे. प्रत्येक पायरी लिहायची सवय लागली होती खरी, पण एक गुणाच्या प्रश्नालाही मी पाच ओळी खर्च करत होते. त्यानंतर आम्ही क्रम ठरवला: आधी पहिला प्रश्न, मग चार गुणांची दोन उदाहरणे डोके ताजे असताना, मग कृती, आणि पर्याय निवडायला पेन खाली ठेवून दोन मिनिटे. बहुपर्यायी प्रश्नात पहिलाच प्रयत्न ग्राह्य धरतात, खाडाखोड करून दुसरे उत्तर लिहिले तर उपयोग नाही, म्हणून तिथे घाई करायची नाही. २०२३ पासून मंडळ पेपरच्या शेवटी दहा मिनिटे जास्त देते. ती मी आकृत्यांसाठी राखून ठेवली होती.

प्रत्यक्ष परीक्षेत बीजगणिताचा पेपर ठरवल्याप्रमाणे पार पडला. मध्ये एक दिवस सोडून भूमिती. चौथ्या प्रश्नातले एक उदाहरण अर्ध्यावर अडले, पण कारणांसह जेवढे येत होते तेवढे लिहून मी पुढे सरकले. पाचवा प्रश्न सोडायचा नाही असे मी मनाशी ठरवले होते. त्यातल्या एका उदाहरणाची आकृती काढली, दिलेली माहिती तिच्यावर लिहिली आणि दोन त्रिकोण समरूप आहेत इथपर्यंत पोहोचले. पुढे जमले नाही.

निकालात गणिताला ६१ गुण मिळाले. गुणपत्रिकेवर गणितासाठी एकच आकडा असतो, त्यातले चौकटींतले किती, सिद्धतेचे किती आणि त्या अर्धवट समरूप त्रिकोणांना काही मिळाले की नाही, ते त्यावरून कळत नाही. शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. पास झालेली असताना कशाला, असे घरचे म्हणाले, तरी मी अर्ज केला आहे, गुण वाढावेत म्हणून नव्हे, तर परीक्षकाने कोणत्या ओळीसमोर अर्धा गुण दिला ते पाहायचे आहे म्हणून. प्रत आली की सरांना दाखवायची आहे. त्यांनी आताच बजावून ठेवले आहे की बारावी वाणिज्यला गणित ऐच्छिक असते, तेव्हा विषय भरताना विचार करा. आणि जाता जाता त्या गणितातल्या अवकलनाचा पहिला सरावसंच पाहून यायला सांगितला आहे.