विहिरीचा खेळ, आवृत्ती 4: ऊस अजून पुरता हरत नाही

इयत्ता सहावी-सातवीसाठी. एका पटाला 5 खेळाडू, प्रत्येकाला एकेका हेक्टरची 3 वावरं, मधोमध चपलांच्या खोक्याचं झाकण. ती सगळ्यांची सामाईक विहीर. पाणी म्हणजे चिंचोके. 150 पुरतात, पण आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर डब्यात किडतात. पीकपत्ते जुन्या लग्नपत्रिका कापून, माणशी 9. खर्च मार्करचा तेवढा.

एक चिंचोका म्हणजे हेक्टरभर 250 मिमी पाणी, लिटरमध्ये 25 लाख. या मापाने हरभऱ्याला 1, कांद्याला 2 आणि उसाला 8 चिंचोके लागतात. आकडे ढोबळ आहेत, पिकांमधलं प्रमाण मात्र बदलू नका. सगळा खेळ त्यावरच उभा आहे.

पावसासाठी फासा काढून टाकला. फाशावर दुष्काळ आणि सरासरीचं वर्ष सारख्याच वेळा येतं. आता 6 चिंचोके दगडावर घासून निम्मे केलेत, आतली बाजू पांढरी. जितके पांढरे पडतील त्याच्या आठपट चिंचोके विहिरीत. 64 पैकी 20 वेळा तीन पांढरे, सहाही काळे मात्र एकदाच. चिंचोका कमी घासला की एकाच अंगावर पडतो. म्हणून आधी 50 वेळा टाकून बघा. सरासरी 3 च्या जवळ आली नाही तर दुसरे घासा.

सुरुवातीला विहिरीत 40. सगळे एकदमच पत्ते उघडतात, मग आळीपाळीने पाणी घेतात. पहिला मान दरवर्षी पुढे सरकतो. हरभऱ्याला 2 गुण, कांद्याला 4, उसाला 10.

घोळ इथेच होता. पाचही जणांनी एकेक ऊस आणि दोन-दोन हरभरे लावले तर पहिल्या वर्षी मिळून 70 गुण, आणि 50 चिंचोके खर्च. सरासरी पाऊस 24 चा, म्हणजे दुसऱ्याच वर्षी पाणी तोकडं पडतं. तरीही सहा वर्षांची बेरीज कांदा-हरभरा लावणाऱ्या गटाच्या 240 ला मागे टाकत होती, कारण वाळलेल्या उसाचं काहीच नुकसान नव्हतं. आता वाळलेल्या उसाला 4 गुण वजा. हट्टाने ऊसच लावत राहिलेला गट 210 च्या आसपास थांबतो. काटकसरी गटाच्या विहिरीत शेवटी 64 चिंचोके उरतात.

मात्र चौघं जपून वागत असताना एकट्याने ऊस लावला, तर सरासरी पावसात त्याचे 84 होतात आणि बाकीच्यांचे 48. हे आम्ही मुद्दाम दुरुस्त केलेलं नाही. मुलांना ते तिसऱ्या वर्षापर्यंत कळतं आणि भांडण सुरू होतं. चौथ्या वर्षाआधी 3 मिनिटांची ग्रामसभा. नियम मुलांनीच करायचे. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडतात, हे सांगायचं ते खेळ संपल्यावरच. आधी सांगितलं की मुलं तेच उत्तर पाठ म्हणतात.

वेळ 35 मिनिटांच्या तासिकेत बसत नाही. चिंचोके मोजण्यातच जीव जातो. दहा-दहाच्या पुड्या बांधून ठेवल्या की एक वर्ष 4 मिनिटांत उरकतं.

पुढच्या आवृत्तीत बोअरवेलचा पत्ता: 6 गुण मोजा आणि दरवर्षी पहिलं पाणी घ्या. किंमत 6 ठेवावी की 10, हे अजून ठरायचंय.