कर्बी, डिटको आणि अडकलेला एक अर्ज

जॅक कर्बी आणि स्टीव्ह डिटको या अमेरिकी कॉमिक्स-चित्रकारांच्या चित्रशैलींची तुलना हा माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय अमेरिकेतील विद्यापीठात सहज मंजूर झाला आणि वाचनही वेळेत आटोपले. काम अडले ते दुर्मीळ संग्रहाच्या अर्जापाशी, आणि त्याचा संताप अजून ओसरलेला नाही.

मला हवा होता 'फँटॅस्टिक फोर'चा एप्रिल 1963 चा 13वा अंक. कर्बी पेन्सिलीने चित्र काढून पान पुढे पाठवीत आणि त्यावर शाई बहुधा दुसऱ्याची असे. शाईकार व्हिन्स कोलेटा यांनी तर 'थॉर'च्या पानांवर वेळ वाचवण्यासाठी मागच्या आकृती खोडल्याची उदाहरणे आहेत. डिटको मात्र आपल्या 'स्पायडर-मॅन'ची शाई स्वतः करीत. म्हणून दोघांची छापील पाने नुसती शेजारी ठेवली, तर कर्बी यांच्या नावावर आपण शाईकाराचीच रेघ तपासत बसतो. 13व्या अंकात कर्बींच्या पेन्सिलीवर डिटकोंची शाई आहे, म्हणूनच माझा सगळा युक्तिवाद त्यावर उभा होता.

अर्जात चित्रकारासाठी एकच रकाना होता. तिथे डिटको लिहिले, तेव्हा नाव नोंदीशी जुळत नाही म्हणून अर्ज परत आला. कर्बी लिहिले, तेव्हा हेतूच्या रकान्यात डिटको कशाला, अशी विचारणा झाली. त्यानंतर, पुनर्मुद्रण उपलब्ध असताना मूळ प्रत मिळणार नाही, असे कळवण्यात आले. पुनर्मुद्रणात रंग नव्याने भरलेले असतात, गुळगुळीत कागदावर ते भडक दिसतात आणि बारीक रेघा त्यात बुडतात, हे मी प्रत्येक पत्रात लिहीत होतो. उत्तर मात्र ठरावीक मजकुराचेच येई. ज्या अंकावाचून प्रबंध पुढे सरकत नाही, त्याची गरज ज्यांनी तो उघडूनही पाहिलेला नाही त्यांना पटवत बसणे फार थकवणारे असते. अखेर मी पुनर्मुद्रण घेऊन थेट ग्रंथपालबाईंना भेटलो आणि एका चेहऱ्यावरील छायेच्या रेघा कुठे नाहीशा झाल्या आहेत ते दाखवले. त्यांनी तिथल्या तिथे सही केली. अर्ज करणाऱ्यांनी पुनर्मुद्रण का चालत नाही हे पहिल्याच वाक्यात लिहावे आणि जमल्यास समक्ष भेटावे.

पेटी उघडली आणि शीण उतरला. शरीरांची झेप आणि जोर कर्बींचा होता, पण चेहऱ्यांवरच्या बारीक, अस्वस्थ रेघा आणि बोटांचा ताण डिटकोंचा. कर्बींची आकृती चौकट फोडून अंगावर येते. डिटको चौकटीत कोंडतात. 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या 33व्या अंकात (फेब्रुवारी 1966) यंत्राखाली दबलेला नायक आधी लहान चौकटींत चेपलेला दिसतो, मग चौकटी वाढत जातात आणि अखेर पूर्ण पानभर तो भार उचलतो. कर्बी असा जोर पहिल्याच पानावर लावतात, हा त्यांचा दोष नव्हे, स्वभाव आहे.

वाचनकक्षात शाईचे पेन चालत नाही, पेन्सिल न्यावी. भिंग वापरता येईल का, हे आधी विचारावे. शिवाय 13वा अंक मिळेपर्यंत 'अमेझिंग फँटसी'च्या 15व्या अंकापासून (ऑगस्ट 1962) सुरुवात करता येते, कारण त्याच्या मुखपृष्ठाची पेन्सिल कर्बींची व शाई डिटकोंची आहे, तर आतली स्पायडर-मॅनची कथा संपूर्णपणे डिटकोंनी चितारली आहे.