काकींचे अठ्ठावीस तास

24 एप्रिल 2025. पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केल्याची बातमी आली आणि म्हापशाच्या आमच्या तिकीट ऑफिसातले फोन थांबेनात. माझ्या डोक्यात मात्र डिचोलीच्या काकीच होत्या. पुढच्याच आठवड्यात त्या गोव्यातल्या मोपा विमानतळावरून दिल्ली आणि तिथून न्यूयॉर्कला लेकाकडे एकट्या जाणार होत्या, आणि त्यांना रोज इन्सुलिन घ्यावं लागतं.

तिकीट घेताना त्यांनी विचारलं होतं, "बाय, रात्री दोनला निघून सकाळी साडेसातला पोचायचं, म्हणजे साडेपाच तासच ना?" तिकिटावर वेळ त्या त्या गावची छापतात. एप्रिलमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे दिल्लीपासूनच पंधरा तास. सरळ अंतर सुमारे 11,750 किलोमीटर आहे, पण नुसत्या आकड्यावरून वेळ निघत नाही. उंचावरचा जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो.

आता तर वाटच बदलली होती. दिल्लीहून पश्चिमेला निघालेलं विमान थोड्याच वेळात पाकिस्तानवर पोचायचं. ते बंद, म्हणजे खाली गुजरातकडे येऊन अरबी समुद्रावरून वळसा. वळशाला जादा इंधन हवं आणि तेवढं भरायला वजनाची मर्यादा आड येते. म्हणून वाटेत व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरून इंधन घ्यायचं, असं ठरत होतं.

मी काकींना मुलीसह बोलावून घेतलं आणि एका कागदावर सगळा प्रवास भारतीय वेळेत मांडला. दुपारी चारला घर सोडायचं, सातला मोपाहून उड्डाण, साडेनऊला दिल्ली, दोनला पुढचं विमान. न्यूयॉर्क आधी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला येत होतं. तिथे काट मारून आठ लिहिलं. पंचवीस तासांचे अठ्ठावीस झाले. "हा कागद डॉक्टरांना दाखवा, आणि पोचेपर्यंत हातातलं घड्याळ बदलू नका," एवढंच मी सांगितलं. डोस कधी आणि किती, हे सांगणं माझं काम नव्हे. पण हिशेबाचे तास त्यांना बरोबर मिळायलाच हवेत, आणि ते देणं माझंच काम आहे असं मी मानते.

डॉक्टरांनी त्याच कागदावर लाल पेनाने डोसाच्या वेळा लिहून दिल्या. इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवायला लावली. सामानाच्या कप्प्यात ते गोठून वाया जाऊ शकतं.

विमान व्हिएन्नाला थांबलं. प्रवाशांना खाली उतरू दिलं नाही, पण काकींनी कागद बघून वेळेवर खाल्लं आणि डोस घेतला. लेकाचा फोन आला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. "आईची साखर ठीक आहे," तो म्हणाला, "आणि परतीचा कागदही तुम्हीच करून द्या."