देवमासा कोणाचा कोण?

मी प्राणिशास्त्र शिकवतो हे कळले की एक प्रश्न हमखास येतो: देवमासा हा मासा नाही हे शाळेत पाठ केले, पण हयात प्राण्यांत त्याचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा, हे तुम्ही लोक कशावरून ठरवता? विचारणाऱ्याच्या स्वरात थोडा संशय असतो. तो मला रास्त वाटतो, कारण नुसते दिसणे पाहायचे तर देवमाशाला शार्कच्या शेजारी बसवणेच बरे. तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पाण्यातून वेगाने जायचे तर शरीर दोन्ही टोकांना निमुळते असणे सोयीचे, त्यामुळे शार्क आणि डॉल्फिन एकाच घाटाचे झाले. पण हा घाट दोघांनी आपापला कमावला आहे. शार्कची शेपटी डावी-उजवीकडे हलते, डॉल्फिनची वर-खाली. पळणारा चित्ता पाठीचा कणा जसा वर-खाली वाकवतो तशीच ही चाल आहे, म्हणजे जमिनीवरच्या पूर्वजांची सवय पाण्यातही सुटलेली नाही. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ मध्येच देवमाशांना सस्तन प्राण्यांत घातले होते. मात्र सस्तनांपैकी नेमक्या कोणाशी त्यांचे नाते, हा प्रश्न त्यापुढेही दोनशे वर्षे भिजत पडला.

नाते ठरवण्याची आजची पद्धत विली हेनिग या जर्मन कीटकतज्ज्ञाने १९५० च्या आपल्या ग्रंथात मांडली. ती समजावताना मी जुन्या पोथ्यांचे उदाहरण देतो. एकाच ग्रंथाच्या दहा हस्तलिखित प्रती हाती आल्या, तर कोणती कोणावरून उतरवली हे शुद्ध ओळींवरून कळत नाही, कारण त्या मूळ पोथीतूनच सगळीकडे आलेल्या असतात. दोनच प्रतींत एका ठिकाणी सारखाच चुकीचा शब्द सापडला, तर मात्र त्या दोघींच्या वर, ती चूक प्रथम करणारी एखादी प्रत असणार. प्राण्यांतही तसेच. देवमासा आणि पाणघोडा दोघेही पिलांना दूध पाजतात हे खरे, पण ती सर्व सस्तनांची सामाईक ओळ झाली. तिने या दोघांतली जवळीक सिद्ध होत नाही. पुढे कधीतरी नव्याने आलेला आणि मोजक्यांतच आढळणारा बदल शोधावा लागतो. दोघेही जवळजवळ केसरहित आहेत, हा पुरावा लोक मला उत्साहाने सांगतात. पण पाण्यात राहणाऱ्याचे केस स्वतंत्रपणेही जाऊ शकतात, म्हणून मी त्याला फारसे वजन देत नाही.

वजन मी देतो ते घोट्याच्या हाडाला. माझ्या टेबलावर शेळीचे असे एक हाड असते. इंचभर लांबीचे, आणि दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच. बहुतेक सस्तनांत खाच फक्त वरच्या टोकाला असते. दोन्हीकडे ती असणे ही शेळी, गाय, डुक्कर, उंट, पाणघोडा अशा समखुरी, म्हणजे पायाला सम संख्येने खूर असलेल्या, प्राण्यांची खूण आहे. आजच्या देवमाशाला मागचे पायच नाहीत, तर घोटा कुठून आणायचा? तो २००१ मध्ये पाकिस्तानातल्या जीवाश्मांत मिळाला. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या, पाय असलेल्या देवमाशांच्या घोट्यात दोन्ही टोकांना कप्पी होती, आणि हे दोन गटांनी वेगवेगळ्या जीवाश्मांवरून त्याच वर्षी दाखवले. त्यांतल्या एका गटाचे प्रमुख फिलिप गिंगरिच तोवर देवमाशांचा उगम मेसोनिकिड या लुप्त मांसाहारी कुळात शोधत होते. हे हाड पाहिल्यावर त्यांनी मत बदलले. मला या सगळ्या हकिकतीत तोच भाग सर्वांत आवडतो.

डीएनएचा कौल त्याआधीच आला होता. डीएनएमधले काही छोटे तुकडे स्वतःची प्रत काढून भलत्याच जागी जाऊन बसतात आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतात. नोरिहिरो ओकाडा यांच्या जपानी गटाने १९९९ मध्ये दाखवले की असे काही तुकडे देवमासे आणि पाणघोडा यांच्यात नेमक्या त्याच जागी आहेत, पण गाय आणि डुक्कर यांच्यात नाहीत. पोथीतली सामाईक चूक म्हणतात ती हीच. दोन जातींत नेमकी तीच जागा योगायोगाने निवडली जाणे जवळपास अशक्य आहे.

यानंतर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग देवमासा पाणघोड्यापासून झाला का? नाही. ही दोघे एका पूर्वजाच्या दोन शाखांची टोके आहेत. तो पूर्वज साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास होऊन गेला आणि तो ना देवमासा होता, ना पाणघोडा. पाणघोड्याला पूर्वी डुकराशेजारी ठेवत, तेही आता सोडावे लागले. डुकराची शाखा आधीच फुटली, गायीची त्यानंतर, आणि देवमासा व पाणघोडा सर्वांत शेवटी वेगळे झाले. घोडा तर समखुरी गटातलाच नाही. तेव्हा गायीचे नाते घोड्यापेक्षाच नव्हे, तर डुकरापेक्षाही देवमाशाशी अधिक जवळचे आहे. हे सांगितले की विचारणारा पुन्हा त्याच संशयाने पाहतो, आणि मी टेबलावरचे ते हाड त्याच्या हातात देतो.