तिरक्या टोकांच्या साली

सातव्या दिवशी सकाळी पाकातली संत्र्याच्या सालीची एक पट्टी झाऱ्याने उचलून खिडकीच्या उजेडात धरली, तर तिच्या पोटातून गेलेली पांढरी रेघ दिसली. सातव्या दिवशी ती दिसायला नको. तोवर साखर आरपार मुरलेली असते, पट्टी काचेसारखी झालेली असते, मागे धरलेलं बोट दिसतं. दुसरी पट्टी उचलली, ती अगदी हवी तशी. तिसरीही तशीच. चौथीत पुन्हा रेघ. पातेलं एकच, पाक एकच, संत्री एकाच दिवशी आणलेली.

संत्र्याच्या साली साखरेत मुरवून देण्याचं काम मी घरातूनच करते, त्याला ११ वर्षं झाली. त्या पातेल्यात ४ किलो साल होती. फळांचे केक करणाऱ्या एका बाईंनी ती सांगून ठेवली होती आणि द्यायला ५ दिवस उरले होते.

चांगल्या पट्टीत नख लोण्यात जावं तसं जात होतं. रेघवाली पट्टी नखाला दाद देईना. चावून पाहिली तर वातड, आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडू.

पहिला संशय पाकावर. नवीन माणूस हमखास इथेच फसतो. साल घट्ट पाकात एकदम घातली की पाक तिच्यातलं पाणी भराभर ओढून घेतो, साखर मात्र तेवढ्या वेगाने आत जात नाही. साल आक्रसते, कडक होते. म्हणून पातळ पाकापासून सुरुवात करून रोज थोडी थोडी साखर वाढवायची. मी ३५ टक्के साखरेच्या पाकावर सुरू करते आणि रोज ५ ने चढवते. ५० टक्क्यांचा १ किलो पाक ५५ वर न्यायचा तर त्यात सुमारे १११ ग्रॅम साखर लागते. हे हिशेब मी वहीत ठेवते. संध्याकाळी पाक चढवल्यावर रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे साखरेचं प्रमाण दाखवणाऱ्या मीटरने, मोजते, सकाळी पुन्हा मोजते. रात्रीतून आकडा ३-४ ने उतरलेला असतो, कारण सालीतलं पाणी पाकात आलेलं असतं आणि पाकातली साखर सालीत गेलेली असते. तो उतार पाहिला की मला बरं वाटतं. पातेलं रात्रभर काम करत होतं, याचा तो पुरावा.

वही उघडली. आदल्या संध्याकाळी ६०, त्या सकाळी ५७. मागचे सहाही दिवस असेच नीट. शिवाय पाक घाईने चढला असता तर सगळ्याच पट्ट्या आक्रसल्या असत्या. इथे बिघडलेल्या पट्ट्या चांगल्या टपोऱ्या होत्या, कडाही सरळ. पाकाचा दोष नव्हता. मीटर पाकातली साखर दाखवतो. सालीच्या पोटात किती पोचली ते नखाला आणि उजेडालाच विचारावं लागतं, आणि मी सहा दिवस मीटरवर विसंबून एकाही पट्टीला नख लावलं नव्हतं.

मग राहिलं उकडणं.

सालीचे दोन थर असतात. बाहेरच्या रंगीत थरात तेलाच्या बारीक पिशव्या, सगळा वास तिथला. आतला पांढरा थर कापसासारखा. साखर मुरायची ती खरं तर या कापसात, म्हणून जाड सालीची फळं या कामाला उत्तम. महाळुंगासारख्या फळात तर गर नावापुरताच, बाकी सगळी सालच. पण कापूस कच्चा असताना साखरेला वाट देत नाही. आणि कडूपणाही पुष्कळसा तिथेच असतो. पपनसाच्या सालीत तो बराच जास्त, त्यातल्या नारिंजिन नावाच्या कडू द्रव्यामुळे. म्हणून साखरेच्या आधी साल पाण्यात उकडायची. गार पाण्यात घालून उकळी आणायची, पाणी फेकायचं, नवीन गार पाणी. मी असं तीनदा करते. तिसऱ्या पाण्यात मंद आचेवर चिमटीत दाबली जाईपर्यंत ठेवते, साधारण ३० ते ४० मिनिटं. त्याहून जास्त पाणी बदललं तर कडूपणाबरोबर वासही जातो, आणि वास गेलेली साल म्हणजे नुसता गोड रबर.

उकडण्यात कसर राहिली तर ती पुढे भरून निघत नाही. साखर पाणी धरून ठेवते, सालीला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन विरघळायचं थांबतं आणि साल ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत टिकून राहते. मऊ असेल तर मऊ, कच्ची असेल तर कच्ची. हे मला चांगलं माहीत होतं. तरी जीव राहवेना. ५ दिवसांत माल द्यायचा होता. मी दहा वातड पट्ट्या थोड्या पाकासह छोट्या पातेल्यात काढल्या आणि ४० मिनिटं मंद उकळल्या. पाक आटून ६६ वर गेला आणि पट्ट्या आधीपेक्षा कडक झाल्या. माझी भाची शेजारी उभी राहून पाहत होती. सुट्टीत माझ्याकडे राहायला आली होती आणि हे काम शिकायची तिला मनापासून हौस. मी गॅस बंद केला तेव्हा ती म्हणाली, "मावशी, सगळ्या निवडूया का?"

निवडल्या. दुसरा मार्ग नव्हता. चार किलो सालीची एकेक पट्टी पाकातून काढून खिडकीशी धरायची, काचेसारखी असेल तर डावीकडच्या परातीत, रेघ असेल तर उजवीकडच्या. बोटं चिकट होऊन एकमेकांना चिकटायला लागली की कोमट पाण्यात बुडवायची. तासभर आम्ही दोघी काही न बोलता हेच करत होतो. उजवी परात भरत चालली. साधारण तिसरा हिस्सा माल.

आणि मग त्या परातीकडे पाहता पाहता मला एक गोष्ट दिसली. उजवीकडच्या सगळ्या पट्ट्यांची टोकं तिरकी होती. डावीकडच्यांची सरळ. मी साल चार फोडींत सोडवते, फोडीचं वरचं आणि खालचं टोक उडवते, मग पट्ट्या करते; म्हणून माझ्या पट्टीचे कोपरे काटकोनात असतात. या पट्ट्या दुसऱ्या हाताने कापलेल्या होत्या.

मी काही म्हणायच्या आत भाचीने एक पट्टी उचलली, उलटसुलट केली, आणि तिचा चेहरा उतरला. "मावशी, या माझ्या आहेत."

पहिल्या दिवशी काय झालं होतं ते मग हळूहळू जुळलं. माझ्या पट्ट्या तिसऱ्या पाण्यात होत्या. तिने हौसेने आणखी एक टोपलीभर साल कापली होती. पातेलं भरलेलं होतं, त्या मावणार नाहीत असं मला वाटलं. इतक्यात फोन आला. बाहेर जाता जाता मी तिला म्हटलं, "उरलेल्या टाक." मला म्हणायचं होतं, टाकून दे. तिने ऐकलं, पातेल्यात टाक. तिने त्या दाबून बसवल्या आणि मी वीस मिनिटांनी परत आले तेव्हा वरवर पाहता सगळं सारखंच दिसत होतं. गार पाण्यापासूनची पहिली दोन उकळणी त्यांना मिळालीच नाहीत, आणि तिसऱ्यातलाही निम्माच वेळ मिळाला. साखरेत घालण्याआधी मी दोन पट्ट्या चिमटीत दाबून पाहिल्या होत्या. नेमक्या त्या माझ्याच असणार.

तिचे डोळे भरून आले होते. चूक तिची नव्हती. शब्द माझा होता, चाचणीही मीच अपुरी घेतली होती, आणि मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. त्या दिवसापासून पातेल्यात जायचं असेल तर मी "घाल" म्हणते आणि केरात जायचं असेल तर "फेकून दे". "टाक" हा शब्द मी स्वयंपाकघरात वापरत नाही.

दुपारी बाईंना फोन केला. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, दोन तृतीयांश माल वेळेवर आणि बाकीचा दहा-बारा दिवसांनी मिळेल असं म्हटलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "चालेल ताई, पण वातड असेल तर मुळीच नका देऊ."

चांगल्या पट्ट्यांचा पाक चाखला तर तोही किंचित कडसर झाला होता. पाक बदलायचा ठरवलं, पण नवा पाक त्याच ताकदीचा हवा, नाहीतर सहा दिवसांचं काम पाण्यात. २ किलो ४०० ग्रॅम साखरेला १ किलो ६०० ग्रॅम पाणी, म्हणजे ६० टक्के. त्या साखरेतला काही भाग मी द्रव ग्लुकोजचा घेते. नुसत्या साखरेचा पाक साध्या तापमानाला ६७ टक्क्यांच्या पुढे गेला की साखरायला लागतो, आणि मला तर ७५ पर्यंत जायचं असतं. पट्ट्या नव्या पाकात घातल्या, एक हलकी उकळी दिली आणि झाकून ठेवल्या. पुढचे तीन दिवस ६५, ७०, ७५. शेवटच्या संध्याकाळी थर्मामीटर १०८ अंशांवर गेला तेव्हा पाकाचे बुडबुडे मोठे आणि संथ झाले होते. पट्ट्या जाळीवर पसरल्या.

तिरक्या टोकांच्या पट्ट्यांचं काम लांबलं. आधी गरम पाण्यात विसळून साखर उतरवली. मग स्वच्छ गार पाण्यात घालून उकळी, पाणी फेकलं, पुन्हा गार पाणी, पुन्हा उकळी. साखर निघून गेल्यावर त्या मऊ होतील असा माझा अंदाज होता, खात्री नव्हती. भाची दर पाच मिनिटांनी एक पट्टी काढून चिमटीत धरत होती. पंचविसाव्या मिनिटाला काही नाही. पस्तिसाव्या मिनिटाला तिने पट्टी माझ्यापुढे धरली आणि दाबली. तिची दोन्ही बोटं सालीत रुतली. पुन्हा ३५ टक्क्यांचा पाक, पुन्हा रोज ५. या वेळी वहीत आकड्याशेजारी तिने आणखी एक रकाना आखला होता, "नख" असा. रोज सकाळी पातेल्याच्या तळातली एक, मधली एक आणि वरची एक पट्टी काढून ती नख लावायची आणि पुढे खूण करायची.

वास थोडा कमी झाला होता, हे मान्य करायला हवं. एवढ्या पाण्यांतून गेल्यावर तेल उरणार किती? पण रेघ एकाही पट्टीत नव्हती. जाळीवर दोन दिवस सुकल्या, हाताला नुसत्या चिकट लागायला लागल्यावर साखरेत घोळवल्या. त्याआधी घोळवल्या असत्या तर साखर विरघळून ओली झाली असती.

दुसरा डबा न्यायला बाई स्वतः आल्या. एक पट्टी तोंडात घातली, सावकाश चावली, मग डब्यात डोकावून म्हणाल्या, "चांगल्या झाल्यात. पण या वेळी टोकं अशी तिरकी का?"

मी उत्तर द्यायच्या आत आतून भाची म्हणाली, "त्या मी कापल्यात."