चौथ्यात गप्प, तिसऱ्यात रडणारी एमजीबी

सांगलीहून एका हौशी मालकांची १९६९ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, साताऱ्यात आमच्या गॅरेजला आली, ती गिअरबॉक्सचे दात गेल्याचं निदान सोबत घेऊनच. "मिस्त्री, हा डबा काढून पाच गिअरचा बसवा, खर्चाचं बघू."

आधी चालवून बघितली. न्यूट्रलला क्लच सोडला की घरघर, दाबला की बंद. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात आवाज वाढतो आणि चौथ्यात जवळजवळ गप्प. निदान इथेच निम्मं झालं. चौथा गिअर डायरेक्ट असतो, जोर सरळ पार जातो; बाकीच्यांत तो लेशाफ्ट या खालच्या जोडशाफ्टवरच्या गिअरांतून फिरून जातो. चौथ्यात लेशाफ्टवरचे गिअर फिरतात, पण त्यांच्यावर भार नसतो. दात गेले असते तर एखाद्याच गिअरला ठोका आला असता, तिन्ही गिअर सारखे रडले नसते.

या गाडीत एकटा गिअरबॉक्स खाली ओढता येत नाही, इंजिनासकट वर काढावा लागतो. सकाळ त्यातच गेली. ऑइल ट्रेमध्ये सोडलं तर गंधकाचा उग्र वास. आधीच्या कुणीतरी डिफरन्शियलचं (मागच्या आसाच्या गिअरांचं) जीएल-५ ऑइल भरलं होतं. या डब्याला २०डब्ल्यू५० इंजिन ऑइल लागतं, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जोडगिअर) नसेल तर सुमारे ३ लिटर. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं पितळ खातात. ट्रेमधून चुंबक फिरवला, पोलादाचा चुरा चिकटला आणि खाली सोनेरी कीस राहिला. तो सिंक्रो रिंगांचा, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणाऱ्या पितळी कड्यांचा. दुसरा गिअर खाली घेताना खर्र का व्हायचा, ते कळलं.

खरी गंमत लेशाफ्टमध्ये होती. मधला भाग गुळगुळीत, पण जिथे निडल बेअरिंग (सुईसारख्या बारीक रोलरची) बसतात तिथे नख अडकेल असे खड्डे. बेअरिंग नवी दिसत होती. शाफ्टच्या टोकाला कानस लावली तर लोण्यासारखी चालली! कुठल्याशा लेथवर साधा रॉड मापात खरडून बसवला होता. माप अगदी बरोबर, हार्डनिंग शून्य. निडल थेट शाफ्टवरच धावतात, म्हणजे तो शाफ्टच बेअरिंगची आतली रिंग असतो. त्याला रॉकवेल सी मापात ५८ ते ६२ कडकपणा हवा, तिथे कानस घसरलीच पाहिजे.

मालकांना हेच समजावलं. इंजिनाचा टॉर्क सुमारे १५० न्यूटन मीटर. पहिल्या गिअरचं प्रमाण ३.४४, म्हणजे बाहेर पाचशेच्या वर जातो. तो देताना दात एकमेकांना दूर ढकलतात आणि तो रेटा लेशाफ्टच्या दोन टोकांवर येतो. म्हणून डबा मजबूत करायचा तर सुरुवात तिथून. सरळ दातांचे गिअर रेसिंगला ठीक, रस्त्यावर त्यांच्या किंचाळण्यानं डोकं उठतं. लोक फोर्डचा टाइप ९ पाच गिअरचा डबा बसवतात. पाचवा ०.८२चा, हायवेला इंजिन ३००० ऐवजी २४६० फेऱ्यांवर चालेल. पण त्यासाठी बेल हाउसिंग, प्रॉपेलर शाफ्ट, क्लच प्लेट, माउंटिंग सगळं बदला, आणि त्याचीही दुखरी जागा लेशाफ्टची बेअरिंगच! पसरणीच्या घाटात पाचवा लागतो कुणाला?

डबा तोच ठेवला. ईएन ३६ या पोलादाचा शाफ्ट कार्बुराइझ करून, म्हणजे भट्टीत वरच्या थरात कार्बन मुरवून, आणवला. हार्डनिंगनंतर ग्राइंडिंग, उलटं नाही, कारण भट्टीत शाफ्ट थोडा तरी वाकतोच. कानस घसरली तेव्हाच ताब्यात घेतला.

जोडताना घाई नडते. निडल डमी (तात्पुरत्या) शाफ्टवर बसवून लेगिअर, म्हणजे लेशाफ्टवरचा गिअरांचा संच, केसच्या तळाशी ठेवायचा, मेनशाफ्ट (मुख्य शाफ्ट) चढवायचा, मग लेगिअर उचलून खऱ्या शाफ्टनं डमी बाहेर ढकलायची. एक निडल निसटली की पुन्हा सगळं खोलायचं. आमची दोनदा निसटली. थ्रस्ट वॉशर बदलत एंड प्ले (लेगिअरची पुढेमागे हालचाल) ०.०५ ते ०.०८ मिलिमीटरमध्ये आणला. सिंक्रो रिंगा, क्लच प्लेट आणि कार्बनचं रिलीज बेअरिंग नवं टाकलं, कारण इंजिन पुन्हा कोण उतरवणार?

वाईहून पाचगणीपर्यंत तिसऱ्यात चढवली. डबा शांत. वर गाडी वळवताना मालक दचकले, "मिस्त्री, आवाज हाय की अजून!" तो रिव्हर्सचा. त्याचे दात सरळच असतात, कंपनीतून निघाली तेव्हाही असाच वाजत असणार.